लिंडनरसाहेबांची पगारवाढ

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ऑफिसच्या कोपऱ्यात विसरलेल्या छत्र्या साठतात तसे ते साठतात. कुणाची कुठली ते कळेनासं होतं आणि टाकवतही नाही. आमच्या जुन्या कारखान्यातली तीन-चार माणसं सांगलीत विश्रामबागेत कुणाच्या तरी ओसरीवर जमली, की दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतंच, “भाऊसाहेब, लिंडनरचा एखादा होऊ द्या!” मग मी एखादा सांगतो आणि सगळे हसतात. सगळे किस्से ओळीनं मात्र मी आजवर सांगितलेले नाहीत. आज सांगतो. ओळीत लावले की ते फारसे विनोदी राहत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

लढाईचे दिवस होते. आमचा कारखाना उसाचे चरक बनवायचा. मालक आबासाहेब, ओतकामाचा मुख्य हुसेन मिस्त्री, आणि मी हेडक्लार्क. हेड एवढ्याचसाठी की दुसरा क्लार्कच नव्हता! पत्रं, परवाने, हजेरी, सगळं माझ्या एकाच टेबलावर.

लिंडनर मूळचा ऑस्ट्रियाचा. ओतकामाला लागणारे लाकडी साचे बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिकडच्या राजवटीच्या भीतीनं नवरा-बायको पळून मुंबईला आले, आणि लढाई पेटल्यावर इकडच्या सरकारच्या लेखी तेच शत्रूचे ठरले. त्याला साताऱ्यात एका बंगल्यात ठेवलं, बायकोला दूर उत्तरेकडे बायकांच्या छावणीत. आबासाहेबांना त्याच्या हाताची कीर्ती कळली. त्यांनी वर्षभर खटपट करून त्याचं वर्क परमिट मिळवलं.

परमिट म्हणजे एक पिवळा कागद. त्यावर चार रकाने: नाव, हुद्दा, जागा, पगार. पगार दीडशे. खाली मुंगीएवढ्या टायपात लिहिलेलं, की यातलं काहीही बदललं तर परवाना रद्द समजावा आणि धारकानं साताऱ्याला परत हजर व्हावं. ते मी वाचलं होतं. वाचून फाईलला लावलं होतं. त्यातलं काही बदलेल असं तेव्हा कुणाला वाटणार?

*

पहिला किस्सा ओढ्याचा.

आमच्या कारखान्याच्या मधून एक ओढा जायचा. अलीकडे सातारा जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. पलीकडे सांगली संस्थान. साचे बनायचे अलीकडे, आणि हुसेन मिस्त्रीची भट्टी होती पलीकडे. आम्ही दिवसातून पन्नास वेळा राज्य बदलायचो, पण लिंडनरच्या परमिटवर जागा लिहिली होती फक्त अलीकडची.

त्यामुळे हा उभा राहायचा ओढ्यावरच्या फळीच्या अलीकडच्या टोकाला, आणि तिथून ओरडून पलीकडच्या भट्टीला सूचना द्यायचा. मराठी तो शिकला होता हुसेन मिस्त्रीकडून. सहा फूट उंचीचा गोरा माणूस फळीवरून ओरडायचा, “आरं गड्या, वाळू लय वली हाय!” आणि रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्या थांबायच्या.

एक दिवस पलीकडे वाळूचा साचा फुटला, वितळलेल्या लोखंडाचा रस सांडायला लागला. लिंडनर सगळं विसरून पळत फळी ओलांडून गेला आणि दोन्ही हातांनी वाळू दाबत बसला. काम निभावलं. मान वर करून बघतो तर समोर शिंदे जमादार! ह्याची दर गुरुवारी चौकीवर हजेरी घ्यायचे तेच. भट्टीपाशी बसून चहा पीत होते.

लिंडनरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. जमादारांनी बशीतला चहा सावकाश संपवला आणि म्हणाले, “साहेब, भिऊ नगासा. वढ्याच्या ह्या अंगाला मी जमादार न्हाई आन् तुमी कामगार न्हाई. आपुन दोगंबी पाव्हणं!”

*

आता दुसरा. हा सांगताना मला स्वतःची लाज वाटते.

आमच्याकडे पगारवाढ कागदावर होत नसे. आबासाहेबांच्या वडिलांपासूनची पद्धत होती. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, लेथला, घणांना झेंडूच्या माळा घालायच्या. भट्टीला हुसेन मिस्त्री स्वतःच्या हातानं माळ घालायचा, दुसऱ्या कुणाला घालू द्यायचा नाही. पूजा झाली की मालक एकेकाचं नाव घेऊन नारळ द्यायचे आणि वाढीचा आकडा मोठ्यानं बोलायचे. मी शेजारी उभा राहून ऐकलेलं लिहून घ्यायचो. हत्यारांसमोर बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही. आणि ज्याचं नाव घेतलंच नाही, त्यानं दसऱ्यानंतर कामावर यायचं नाही, असा त्याचा अर्थ.

लिंडनरची ती पहिलीच खंडेनवमी. त्या हंगामात आमचे चरक हातोहात खपले होते, ते त्याच्याच साच्यांमुळे. आबासाहेब खुशीत होते. “लिंडनरसाहेब, पंचवीस!” म्हणून त्यांनी नारळ पुढं केला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. तो मात्र नारळ छातीशी धरून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “भाऊसाब, हे परत कसं द्यायचं?”

मी हसलो. पगारवाढ परत करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता! वाटलं, साहेबाला लाज वाटतेय.

आणि दुसऱ्या दिवशी, मला कुणी सांगितलेलं नसताना, मी सुंदर इंग्रजीत परवाने देणाऱ्या कचेरीला कळवलं, की आमच्या कामगाराची उत्तम कामाबद्दल पगारवाढ झाली आहे. आता पगार एकशे पंचाहत्तर. मला वाटलं, तेही शाबासकी देतील. आठवड्यात उत्तर आलं. पगार बदलल्यानं परवाना रद्द. नवीन अर्ज करावा. निकाल लागेपर्यंत धारकानं साताऱ्याला राहावं.

आबासाहेब कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, “लिहा, वाढ रद्द केली म्हणून. हत्यारांची मी क्षमा मागेन.” मी लिहिलं. उत्तर आलं: पगारातली कपात हाही पगारातला बदलच आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा!

*

साडेतीन महिने तो साताऱ्याच्या बंगल्यात बसून होता. हंगाम ऐन भरात, चरकांच्या ऑर्डरी पडून, आणि इकडे साचा दुरुस्त करायला माणूस नाही. संक्रांतीच्या सुमाराला एकशे पंचाहत्तरचं नवं परमिट घेऊन आला, तेव्हा वाळलेला दिसत होता. पण हातात आणखी एक कागद होता आणि चेहऱ्यावर हसू.

बायकोला जवळ आणायचा अर्ज त्यानं केला होता, त्याचं ते उत्तर. मार्थाला त्याच्याकडे राहायला पाठवता येईल. अटी दोन. त्याचा पगार किमान दोनशे पाहिजे. आणि त्याच पगाराचं परमिट सलग एक वर्ष टिकलेलं पाहिजे.

तीन वर्षांत त्यानं बायकोचं तोंड बघितलेलं नव्हतं.

मी आबासाहेबांना म्हटलं, “आत्ता एकदम दोनशे करा. आणि मग वर्षभर या माणसाच्या पगाराला देवाशपथ हात लावू नका!”

परत अर्ज, परत सातारा, परत बंगला. गुढीपाडव्याला दोनशेचं परमिट हातात पडलं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर मी रोज एक फुली मारायला लागलो. हुसेन मिस्त्री सकाळी कामावर आला की आधी ऑफिसात डोकावायचा. “किती ऱ्हायलं?” एवढंच विचारायचा आणि ओढ्यापलीकडे जायचा. कारखान्यात मग एकच कायदा चालू झाला: साहेबाला कुणी काही द्यायचं नाही!

*

पण लोक ऐकतात का?

लिंडनरनं ज्यांचे चरक जाग्यावर बसवून दिले होते, ते शेतकरी गुऱ्हाळं सुरू झाली की त्याच्या खोलीवर काहीबाही आणून टाकायचे. गुळाची ढेप, मक्याची कणसं, एकदा तर पाय बांधलेली कोंबडी. नको म्हटलं की त्यांना राग यायचा. “आवं साहेब, घरच्यावानी ठेवलाय, घ्या की!”

नेमकी कोंबडी आली त्याच दिवशी कचेरीतून तपासणी आली. एक तरुण साहेब, नवा कोट, हातात पेन्सिल. खोलीत शिरला आणि बघतच राहिला. “हे सगळं पगारात धरलंय का?” म्हणाला. लिंडनरनं माझ्याकडं बघितलं. मी दाराशी उभा.

हुसेन मिस्त्री मागून पुढं आला. “ढेप माजी हाय साहेब. घरात मुंग्या लय, म्हून हितं ठिवलीया.”

“आणि कणसं?”

“कारखान्याची,” मी म्हटलं. कारखान्याला कणसं कशाला लागतात हे सुदैवानं त्यानं विचारलं नाही.

“कोंबडी?”

 तेवढ्यात साहेबाबरोबर आलेले शिंदे जमादार खाकरले आणि ताठ उभे राहून म्हणाले, “कोंबडी माजी, साहेब.”

साहेबानं सगळं लिहून घेतलं आणि गेला. परमिट बचावलं. आम्ही जमादारांचे पाय धरायच्या बेतात होतो. ते म्हणाले, “पाय ऱ्हाऊ द्या,” आणि कोंबडी काखेत मारून चालायला लागले. “आता माजी म्हून लिवून दिलंय. हितंच सोडली तर खोटं व्हईल न्हवं?”

*

पत्रांचा किस्सा याच वर्षातला.

मार्था आली की तिला इथलं बोलता यावं, म्हणून लिंडनर दर पत्रात तिला दहा मराठी शब्द पाठवायचा, आमच्याकडून विचारून घेऊन. मीठ, पाणी, चूल, भाकरी. एकदा पत्र परत आलं. पत्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात गुप्त भाषा सापडली होती! मग मी कारखान्याच्या लेटरहेडवर लिहून दिलं, की भाकरी हा खाण्याचा पदार्थ असून त्याचा लढाईशी काहीही संबंध नाही. खाली सही, शिक्का.

पुढच्या महिन्यात मार्थाचं उत्तर आलं. सगळं जर्मन भाषेत, आणि शेवटी पेन्सिलीनं गिरवून गिरवून काढलेले दोन मराठी शब्द: “बसा. जेवा.”

ती चिठ्ठी अख्ख्या कारखान्यात फिरली. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही हातात धरून बघत होते. हुसेन मिस्त्रीनं हात पुसून ती घेतली, बराच वेळ धरली आणि लिंडनरला म्हणाला, “वैनीस्नी कळवा, आमी हात धुऊन बसलुया.”

*

खंडेनवमी परत आली. माझ्या कॅलेंडरवर निम्म्याहून जास्त फुल्या झाल्या होत्या.

मोठाच पेच होता. मालकांनी लिंडनरचं नाव घेतलं नाही तर त्याला कामावरून काढल्यासारखं. नाव घेऊन आकडा बोलले तर परमिट रद्द. “शून्य म्हणतो,” आबासाहेब म्हणाले. जुनी माणसं बिथरली. हुसेन मिस्त्री म्हणाला, “हत्याराम्होरं शून्य म्हनायचं? मालक, भट्टी इझंल माजी.”

पेच तसाच राहिला. पूजेच्या दिवशी सगळे रांगेत उभे. एकेक नाव होत होतं. मी वही घेऊन शेजारी. मालक थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, “लिंडनरसाहेब...”

आणि धडाड! हुसेन मिस्त्रीनं माळ घातलेला घण उचलून ऐरणीवर हाणला. त्याच्यामागं त्याची सगळी माणसं. कुणी हातोडे, कुणी पत्रे, कुणी घमेली. वॉचमननं भोंगा सोडला. मालकांचे ओठ हललेले मला दिसले. काय बोलले ते देवाला ठाऊक आणि हत्यारांना. नारळ लिंडनरच्या हातात गेला, तेव्हा आवाज थांबला.

आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. “लिहिलंत?”

“नाही,” मी म्हटलं. “मी ऐकलेलंच लिहितो. मला ऐकू आलं नाही!”

त्या दिवशी लिंडनर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्याला तसं हसताना मी नंतर बघितलं नाही.

*

पाडव्याला दोन महिने होते. त्यानं खोलीला चुना लावला होता. दुसरी खाट केली होती. हुसेन मिस्त्रीच्या घरातून चूल आली होती, कारण कुणाच्या तरी मते नवी चूल लवकर तापत नाही.

आणि सरकारचा हुकूम आला. महागाई फार वाढली आहे, सबब अमुक जातीच्या सर्व कारखान्यांनी सर्व कामगारांना पहिल्या तारखेपासून महागाई भत्ता द्यावा. सर्व कामगारांना. सक्तीनं.

मी तो हुकूम तीन वेळा वाचला. मग कॅलेंडरकडे बघितलं. आबासाहेब म्हणाले, “त्या एकट्याला देऊ नका.” मी म्हटलं, “तो गुन्हा होईल.” लिंडनर म्हणाला, “मी घेत न्हाई.” आम्ही तसं लिहून कळवलं. उत्तर आलं: घेतला काय, न घेतला काय, भत्ता देय झाला म्हणजे पगार बदलला. परवाना रद्द.

त्याला साताऱ्याला न्यायला शिंदे जमादारच आले. ट्रंक त्यांनी स्वतः उचलली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. “भाऊसाब, तुमी शिकल्याली मान्सं. पगार सरकारनंच वाढीवला, आन् का वाढला म्हून सरकारच इचारतंय. ह्ये मी चौकीवर कुनाला आन् कसं सांगू?”

  ते गेल्यावर मी ते कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि भट्टीत टाकायला दिलं.

ज्येष्ठात तो परत आला. नवं परमिट, भत्त्यासकट. वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. फुल्या मारायची मला हिंमत झाली नाही. तो स्वतःच साच्याच्या लाकडावर चाकूनं रेघा ओढायचा. मार्थाला त्यानं कळवलं, अजून एक वर्ष. तिचं पत्र आलं, की थंडीत आलेला ताप अजून अंगात आहे, पण शब्द पाठवत राहा.

तो पाठवत राहिला. श्रावणात तार आली, ती छावणीची. ती मीच फोडली, कारण पत्रं फोडणं माझं काम. मार्था तापात गेली होती.

मी ती तार घेऊन ऑफिसात किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी हुसेन मिस्त्रीला फळीवरून हाक मारली, कारण एकट्यानं जाऊन सांगायची माझ्यात ताकद नव्हती. आम्ही दोघं गेलो. लिंडनरनं तार वाचली, घडी केली, खिशात ठेवली. मग आम्हाला म्हणाला, “बसा.” आम्ही बसलो. पुढचा शब्द तो बोलला नाही. मी रडलो, हे सांगायला मला संकोच नाही. पगारवाढ कळवणाऱ्या त्या पहिल्या पत्राखाली सही माझी होती.

*

आता शेवटचा. हा मी ओसरीवर कधी सांगितलेला नाही.

त्या सालची खंडेनवमी. हत्यारं मांडली, माळा घातल्या. माणसं रांगेत. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण मी बघत होतो, हुसेन मिस्त्री घणाजवळ उभा होता. त्याच्या माणसांच्या हातात हातोडे होते. वॉचमन भोंग्यापाशी गेला होता. सवय लागली होती म्हणा, किंवा दुसरं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणा.

एकेक नाव होत गेलं. आबासाहेबांनी नारळ उचलला. 

“लिंडनरसाहेब...”

घण वर गेला.

लिंडनर रांगेतून पुढं आला. त्यानं हुसेन मिस्त्रीचं मनगट धरलं आणि घण हळूच खाली आणला. त्याच्यामागचे हातोडे आपोआप खाली गेले. भोंगा वाजला नाही. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

मग तो माझ्याकडं वळला. माझ्या हातातली वही त्यानं नीट उघडून धरायला लावली, आणि आबासाहेबांसमोर दोन्ही हात पुढं केले.

“मालक,” तो म्हणाला, “यंदा मोठ्यानं सांगा.”